द्राक्षावरची डाऊनी: डाग दिसायच्या आधी काय करायचं आणि दिसल्यावर काय करायचं

ऑक्टोबर छाटणी झाली, पेस्टिंग झालं (डोळे फुटायचं औषध काडीला लावून झालं), डोळे फुगले आणि पोंगा, म्हणजे कोवळा कोंब, सुटला की द्राक्षवाल्या माणसाची झोप उडते ती थेट मणी सेट होईपर्यंत. भुरी येते, करपा येतो, थ्रिप्स येतात, पण ते सगळे थोडा वेळ देतात. डाऊनी, म्हणजे डाऊनी मिल्ड्यू किंवा केवडा रोग, वेळ देत नाही. आज हिरवागार दिसणारा घड आठवड्याभरात तपकिरी पडून बोटानं हलवला तरी गळून हातात येतो, आणि मग त्या घडासाठी कितीही भारी औषध आणलं तरी तो परत येत नाही.

हे लिहितोय ते नवीन बाग धरणाऱ्यांसाठी, आणि दुकानदार काउंटरवरून जी बाटली देईल ती टाकीत ओतणाऱ्यांसाठी. माझं सांगणं एकच आहे, डाऊनीची फवारणी डाग बघून करायची नाही, पान किती तास ओलं राहिलं ते बघून करायची. असं का ते समजलं की कोणतं औषध कधी मारायचं हे तुमचं तुम्हालाच सुचायला लागतं.

डाऊनीला आपण सगळे बुरशी म्हणतो, म्हणायला हरकत नाही, पण ती भुरीसारखी खरी बुरशी नाहीये. प्लाझ्मोपारा विटिकोला हे तिचं नाव आणि ती ऊमायसीट नावाच्या वेगळ्या गटातली, बुरशीपेक्षा पाण्यातल्या शेवाळांच्या जवळची. बटाटा-टोमॅटोवर लेट ब्लाइट आणणारी फायटोफ्थोरा याच गटातली. हे पुस्तकी वाटेल पण यावर तुमचे हजारो रुपये अवलंबून आहेत, कारण खऱ्या बुरशीवर चालणारी बरीच औषधं हिच्यावर चालतच नाहीत. हेक्झाकोनॅझोल, मायक्लोब्युटॅनिल, टेब्युकोनॅझोल ही ट्रायझोल गटातली औषधं बुरशीला एर्गोस्टेरॉल बनवू देत नाहीत म्हणून बुरशी मरते, पण डाऊनी एर्गोस्टेरॉल बनवतच नाही, मग तिचं काय अडणार? कार्बेन्डाझिमचंही तेच, डाऊनीवर त्याचा उपयोग शून्य. गंधक भुरीसाठी उत्तम, डाऊनीसाठी नाही. तरी दरवर्षी पाऊस झाला की लोक कार्बेन्डाझिम मारून निवांत बसतात आणि सहाव्या-सातव्या दिवशी फोन करतात की औषध डुप्लिकेट निघालं. औषध चांगलंच होतं, ते या रोगाचं नव्हतं एवढंच.

आता ती वाढते कशी ते नीट बघा. डाऊनीला जिवंत वेल लागतो, मेलेल्या पालापाचोळ्यावर ती वाढत नाही, तिथं फक्त तिचे जाड कवचाचे बीजाणू झोपून राहतात. पानात एकदा शिरली की पेशींच्या मधून पसरत आतल्या आत खात राहते आणि बाहेर काहीच दिसत नाही. मग एखाद्या रात्री हवेत दमटपणा ९५ टक्क्यांच्या वर गेला, तापमान १८ ते २२ च्या आसपास राहिलं आणि किमान चार-एक तास अंधार मिळाला, की पानाच्या खालच्या बाजूला जी बारीक छिद्रं असतात, पर्णरंध्रं, त्यातनं तिच्या फांद्या बाहेर येतात आणि त्यांच्या टोकाला लिंबाच्या आकाराच्या पिशव्या लागतात. सकाळी पान उलटं केल्यावर जो पांढरा कापसासारखा थर दिसतो तो हाच. पहाटेच्या वाऱ्यानं या पिशव्या उडून शेजारच्या पानावर, घडावर पडतात. तिथं दवाचा किंवा पावसाचा थेंब असेल तर पिशवी फुटते आणि आतून दोन शेपट्यांचे बीजाणू निघतात जे पाण्यात अक्षरशः पोहतात, पोहत पोहत पर्णरंध्र शोधतात, तिथं चिकटतात आणि आत नळी घालतात. पाणी नसेल तर पोहता येत नाही, पोहता आलं नाही तर आत जाता येत नाही, आणि कोरड्या हवेत कडक उन्हात पडलेली पिशवी काही तासांत मरून जाते. सगळा खेळ पाण्याचा आहे.

२० ते २५ अंशांत हे पोहणं आणि शिरणं दोन ते चार तासांत उरकतं. त्यानंतर डाग दिसायला चांगल्या हवामानात चार-पाच दिवस, थंडी असेल तर आठवडा किंवा जास्त. म्हणजे सोमवारी पहाटे धुकं पडलं आणि पानं नऊ वाजेपर्यंत ओली राहिली तर त्या धुक्याचा हिशोब तुम्हाला शनिवारी दिसणार. शनिवारी डाग बघून तुम्ही पंप सुरू करता तेव्हा ती सोमवारचीच नाही तर मधल्या सगळ्या ओल्या पहाटेची लागण पानात बसलेली असते.

युरोपातले द्राक्षवाले जुना आडाखा वापरतात, तापमान १० अंशांच्या वर, पाऊस १० मिलिमीटर आणि फूट १० सेंटिमीटरची झाली की पहिल्या लागणीची तयारी ठेवायची. आपल्याकडे ऑक्टोबरात तापमान १० च्या वर असतंच असतं, आणि ऑगस्ट-सप्टेंबरची जुनी डाऊनी आजूबाजूच्या बागेत जिवंत असते, त्यामुळं आपल्याला त्या आडाख्यातलं फक्त पाणी बघायचं. मी तर पावसापेक्षाही दवाला जास्त घाबरतो, कारण पाऊस सगळ्यांना दिसतो, दव दिसत नाही आणि दहा वाजेपर्यंत मांडवात आत टपकत राहतं.

म्हणून पहिलं काम, एक वही करा. पहाटे बागेत जायचं आणि दाट भागातल्या, मांडवाच्या मधल्या ओळीतल्या पानांना हात लावून बघायचं, कडेच्या ओळीतल्या नाही कारण कडा लवकर सुकतात. पानं कधी ओली झाली आणि कधी सुकली याची वेळ लिहायची, रात्रीचं किमान तापमान लिहायचं, पाऊस किती झाला ते लिहायचं. ज्यांच्याकडे हवामान स्टेशन आणि लीफ वेटनेस सेन्सर (पान किती वेळ ओलं राहिलं ते मोजणारा) आहे त्यांनी मोबाईलवर बघावं, पण सेन्सरचं पान कुठं लावलंय ते एकदा जाऊन बघा, बांधावर उन्हात लावलेलं असेल तर तो आकडा तुमच्या मांडवातला नाही. पानं दोन-तीन तासांपेक्षा जास्त ओली आणि तापमान १५ च्या वर, असं दिसलं की त्या दिवशी लागण झाली असं धरून चालायचं.

दुसरं काम ओळख. डाऊनीचा पहिला डाग पानाच्या वरच्या बाजूला पिवळसर, तेलाचा थेंब कागदावर सांडावा तसा, पान उजेडाकडे धरलं की आरपार दिसणारा. त्याच डागाच्या बरोबर खाली पांढरी लव. पण दिवसा, कोरड्या हवेत, ही लव नसते आणि मग माणूस गोंधळतो की हा डाग डाऊनीचा की स्कॉर्चिंगचा, म्हणजे पान भाजल्याचा. यावर घरच्या घरी करायची एक परीक्षा आहे आणि ती प्रत्येकानं करावी. संशय आलेली चार-पाच पानं देठासकट तोडा, एक प्लॅस्टिकची पिशवी घ्या, तिच्यात ओला करून घट्ट पिळलेला टिश्यू किंवा वर्तमानपत्राचा तुकडा ठेवा, पाणी साचू द्यायचं नाही, वर पानं खालची बाजू वर करून पसरा, पिशवीत थोडी हवा राहू द्या आणि तोंड बांधून रात्रभर घरातल्या अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवा, फ्रीजमध्ये नाही. सकाळी पिशवी उघडल्या उघडल्या डागाच्या जागी पांढरी शुभ्र लव उभी असेल तर डाऊनी जिवंत आहे, शंकाच नको. हीच परीक्षा फवारणीनंतर दोन-तीन दिवसांनी परत करायची, जुन्या डागावर लव आली नाही तर औषधानं काम केलं, आली तर औषध बदला. पानावरचा डाग तसाच राहतो, तो पुसला जात नाही, त्यामुळं नुसता डाग बघून औषध चाललं की नाही ते कळत नाही, लव बघून कळतं.

बाकीच्यांशी गल्लत कशी टाळायची? भुरीची पावडर पानाच्या वरच्या बाजूलाही असते, राखाडी, बोटानं पुसली की निघते, आणि तिला मोकळं पाणी लागत नाही, ढगाळ कोरडी हवा तिला आवडते. करप्याचे ठिपके बारीक, कडा गडद तपकिरी, मधला भाग सुकून गळतो आणि पानाला भोकं पडतात, कोवळ्या काडीवर खड्ड्यासारखे व्रण येतात. तांबेरा पानाखाली नारिंगी पावडर देतो. जिवाणूजन्य करप्यात बारीक पाणचट, कोनासारखे काळपट ठिपके येतात आणि त्याला डाऊनीचं एकही आंतरप्रवाही, म्हणजे पानात शिरून काम करणारं, औषध चालत नाही.

घडाच्या बाबतीत मात्र वेगळी गल्लत होते. घड जिरणं आणि घड डाऊनीनं जाणं ही दोन वेगळी दुखणी आहेत. घड जिरतो तेव्हा तो बाळीसारखा, म्हणजे वेलीच्या तणाव्यासारखा, होतो, हिरवाच राहतो, ते वेलीच्या आतल्या अन्नसाठ्याचं आणि खरड छाटणीनंतरच्या (उन्हाळ्यातल्या छाटणीनंतरच्या) काडी पिकण्याचं दुखणं आहे, फवारणीनं सुटत नाही. डाऊनीचा घड आधी वाकडा होतो, शेंडा आकड्यासारखा वळतो, मग तपकिरी पडतो, पहाटे बघितला तर त्यावर पांढरी लव असते. मणी थोडे मोठे झाल्यावर लागण झाली तर लव बाहेर दिसत नाही, मणी राखट-तपकिरी आणि चामड्यासारखे होऊन सुकतात. मणी सेट झाल्यावर तीन-चार आठवड्यांनी मण्यावरची रंध्रं बंद होतात आणि मग थेट मण्यातून डाऊनी शिरत नाही, देठातून मात्र अजून काही दिवस शिरू शकते. त्यामुळं खरी जोखीम पोंग्यापासून सेटिंगनंतरच्या त्या तीन-चार आठवड्यांपर्यंतची, पैसा आणि लक्ष तिथं घालायचं.

आता औषधं. दोन कामाची औषधं असतात आणि ती एकमेकांच्या जागी चालत नाहीत. एक स्पर्शजन्य, मँकोझेब, प्रोपिनेब, कॉपरची औषधं, ही पानाच्या बाहेर थर करून बसतात आणि पोहत आलेल्या बीजाणूला दारातच मारतात. एकदा तो आत गेला की यांचा हात पोचत नाही. म्हणून ही पावसाच्या आधी, दवाच्या आधी पाहिजेत, नंतर नाही. शिवाय या काळात फूट रोज वाढते, आज चार पानांवर होती ती तीन दिवसांनी सहा पानांवर जाते, आणि नवीन दोन पानांवर औषधाचा थेंबही नसतो, तेव्हा चार-पाच दिवसांनी परत मारावंच लागतं, पाऊस झाला तर त्याच्याही आधी. मँकोझेब लिटरला २ ग्रॅम, हे सगळ्यांना पाठ आहे, पण पानाच्या खालच्या बाजूला पोचतंय का हे कुणी बघत नाही. दार खाली आहे आणि औषध वरती, असं झालं तर काय उपयोग. ब्लोअर (ट्रॅक्टरवरचा फवारणीचा पंखा) गेल्यावर मांडवाखाली उभं राहून पानं उलटी करून बघा, नोझल झिजले असतील तर बदला, ट्रॅक्टरचा स्पीड कमी करा.

दुसरी आंतरप्रवाही, डायमेथोमॉर्फ, मँडीप्रोपॅमिड, सायमोक्झॅनिल, मेटालॅक्झिल-एम, फोसेटिल-एएल, सायझोफॅमिड वगैरे. यातली सगळीच सारखी आत जात नाहीत, काही पानाच्या जाडीतून पलीकडे पोचतात, मेटालॅक्झिल वरच्या दिशेनं वाहतं, फोसेटिल वर-खाली दोन्हीकडं जातं, आणि सायझोफॅमिड तर आत फारसं जातच नाही, ते पावसाच्या आधीचंच औषध समजा. लागण झाल्यापासून एक-दोन दिवसांत मारलं तर यातली काही औषधं आतली डाऊनी थांबवतात. चार दिवसांनी मारून चमत्काराची वाट बघू नका. वहीत लिहिलेल्या ओल्या पहाटेचा उपयोग इथं होतो, लागण झाली असं तुम्ही ज्या दिवशी धरलं त्याच दिवशी संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी आंतरप्रवाही, तेही मँकोझेबच्या जोडीनं.

जोडी का, तर रेझिस्टन्स. एका हंगामात एकामागून एक पिढ्या काढणारा हा जीव आहे, लाखो बीजाणूंतला एखादा औषधाला दाद न देणारा निघतोच, आणि तुम्ही तेच औषध परत परत मारलं की बाकीचे मरतात आणि तोच उरतो. मेटालॅक्झिलच्या गटाला युरोपात १९८० च्या आसपासच दाद मिळेनाशी झाली होती, स्ट्रॉबिल्युरिन गटाचं, म्हणजे अ‍ॅझॉक्सिस्ट्रोबिनचं, तेच झालं, आणि महाराष्ट्रातल्या बागांतूनही अशी दाद न देणारी डाऊनी सापडलेली आहे. म्हणून एका गटाचं औषध हंगामात दोनदाच, लागोपाठ तर कधीच नाही, आणि फुलोऱ्यात बागभर डाग दिसत असताना त्या औषधावर जुगार खेळायचा नाही. इथं ब्रँडनं फसायला होतं. डायमेथोमॉर्फ आणि मँडीप्रोपॅमिड यांच्या बाटल्या वेगळ्या, कंपन्या वेगळ्या, पण गट एकच, औषध बदललं असं तुम्हाला वाटतं, डाऊनीला काहीच बदललेलं नसतं. लेबलवर आतल्या घटकाचं नाव वाचा, गट क्रमांक वाचा, वहीत तो क्रमांक लिहा.

मिसळताना एक गोष्ट लक्षात ठेवाच, फोसेटिल-एएल आणि कॉपर एकत्र करायचं नाही, आम्लपणामुळं कॉपर मोकळं होतं आणि कोवळी फूट करपते. बोर्डोबरोबर (मोरचूद आणि चुन्याच्या मिश्रणाबरोबर) तर दुसरं काहीच मिसळू नका. निर्यातीची बाग असेल तर रेसिड्यूसाठी, म्हणजे मालात उरणाऱ्या औषधाच्या अंशासाठी, अपेडाची (शेतमाल निर्यातीच्या सरकारी संस्थेची) औषधांची यादी दरवर्षी निघते, त्यात काढणीआधी किती दिवस कोणतं औषध बंद करायचं ते असतं, ती यंदाची घ्या, मागच्या वर्षीची नाही. पुण्याजवळच्या मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र हवामानाप्रमाणे सल्ले देत असतं, ते मराठीत येतात, वाचत जा.

बोर्डोबद्दल थोडं जास्त सांगतो कारण ते स्वस्त आहे, जुनं आहे आणि त्याला अजून रेझिस्टन्स आलेला नाही. डाऊनी मुळात अमेरिकेतली, तिथल्या जंगली द्राक्षांवरची, तिथून रोपांबरोबर फ्रान्सात गेली आणि १८७८ ला तिथं सापडली. बोर्डो भागात रस्त्याकडेच्या वेलींवरची द्राक्षं येणाऱ्या-जाणाऱ्यांनी खाऊ नयेत म्हणून शेतकरी त्यावर मोरचूद आणि चुन्याचं निळं पाणी शिंपडायचे. मिलार्दे नावाच्या प्राध्यापकाच्या १८८२ ला लक्षात आलं की बाकी बागेत पानगळ झालीये आणि कडेच्या ओळी हिरव्या आहेत. त्यावर काम करून १८८५ ला त्यांनी हे मिश्रण जाहीर केलं.

१ टक्क्याचं करायचं तर १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १०० लिटर पाणी. मोरचूद ५० लिटरमध्ये, प्लॅस्टिकच्या टाकीत, लोखंडी किंवा पत्र्याच्या भांड्यात अजिबात नाही. फडक्यात बांधून रात्री पाण्यात लोंबकळत ठेवलं की सकाळी पूर्ण विरघळलेलं असतं. चुना वेगळा भिजवून, गाळून, उरलेल्या ५० लिटरमध्ये. मग दोन्ही द्रावणं एकदम तिसऱ्या टाकीत ओतायची, किंवा मोरचूदाचं पाणी चुन्याच्या पाण्यात हळूहळू, ढवळत. आकाशी निळा रंग आला पाहिजे. मग घासून लख्ख केलेली लोखंडी सुरी किंवा विळ्याचं पातं थोडा वेळ बुडवा, त्यावर तांबूस थर आला तर मोकळं तांबं शिल्लक आहे, चुन्याची निवळी घाला आणि परत तपासा. पातं स्वच्छ राहिलं की त्याच दिवशी मारून संपवा, दुसऱ्या दिवशी ते खाली बसतं आणि पानावर चिकटत नाही. १ टक्का हे छाटणी झालेल्या उघड्या वेलीला आणि पावसाळ्यातल्या जून पानांना, कोवळ्या पोंग्यावर आणि फुलोऱ्यात नाही.

औषधाशिवायची कामं मी औषधाच्या बरोबरीची मानतो. फूट पाच पानांवर आली की फेलफूट (घड नसलेली फूट) काढा, गर्दी ठेवू नका, घडाजवळची पानं कमी करा, वारा खेळला की पानं आठ वाजता सुकतात, नाही तर दहाला. सबकेन (शेंडा मारल्यावर बगलेतून फुटणारी काडी) वेळेत बांधा, जमिनीकडं लोंबणाऱ्या फुटी काढा. युरिया बेतानं, लुसलुशीत फूट डाऊनीला पहिली आवडते. पाणी संध्याकाळी देऊन रात्रभर मांडवाखाली ओल ठेवू नका. अवकाळी पाऊस झाला, घडात पाणी साचलं, तर आधी नुसता ब्लोअरचा वारा मारून किंवा तारा हलवून ते पाणी झाडा, मग फवारणी. ट्रॅक्टर रुततोय आणि आत जाताच येत नाही अशा वेळी मँकोझेबची धुरळणी करणारे आहेत आणि ती कामाला येते, फक्त तोंडाला मास्क आणि अंगभर कपडे घालूनच, ती पावडर छातीत जाऊ देऊ नका.

२००९ च्या नोव्हेंबरात फयान वादळाचा पाऊस झाला आणि २०१९ ला ऑक्टोबर-नोव्हेंबरभर पाऊस थांबेना, दोन्ही वेळा नाशिक भागात बागाच्या बागा घडासकट गेल्या. अशा पावसात सगळं नियमानं करूनही काही घड जातात, हे खरं आहे आणि त्याला शेतकऱ्याचा दोष नाही. सटाणा-देवळा भागातले अर्ली छाटणीवाले तर दरवर्षीच भर पावसाळ्यात ही जोखीम घेतात. म्हणून प्लॅस्टिक कव्हरकडे लोक वळतायत. पान ओलंच होत नाही म्हटल्यावर डाऊनी फार कमी होते, फवारण्याही वाचतात, पण आत भुरी आणि थ्रिप्स वाढतात आणि खर्च प्रचंड आहे, कर्ज काढून घालणाऱ्यांनी आधी ज्यांनी दोन-तीन हंगाम वापरलंय त्यांच्या बागेत जाऊन यावं.

राहिला पावसाळा. खरड छाटणीनंतर काडी पिकली, सबकेन झाली की बरेच जण बागेकडं बघत नाहीत, आणि जुलै ते सप्टेंबरात डाऊनी पानांवर आरामात वाढत राहते. ऑक्टोबरात जी येते ती बऱ्याचदा हीच. या काळात घड नसतात, रेसिड्यूची तेवढी धास्ती नसते, तेव्हा बोर्डो मारायला हीच वेळ, महागडी आंतरप्रवाही औषधं इथं उधळू नका, ती पुढं लागणारेत. छाटणीआधी पानगळ केली की खाली पडलेला पाला गोळा करून बागेबाहेर खड्ड्यात पुरा, तसाच ओळीत कुजू दिला तर त्यातले जाड कवचाचे बीजाणू पुढच्या पावसात जमिनीवरून उडालेल्या थेंबाबरोबर खालच्या पानांवर येतात. छाटणी झाल्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ओलांडे (तारेवर पसरवलेल्या मुख्य फांद्या), काड्या, खोड, सगळं १ टक्का बोर्डोनं धुऊन घ्या. पेस्टिंगच्या आणि या फवारणीच्या मध्ये वेली नीट सुकू द्या.